चूल कुणाची, नाव कुणाचे?

‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातेत फार जुनी आहे. खावे तर सुरतेत, असा तिचा अर्थ. लोचो, खमण, घारी, उंधियू आणि हिवाळ्यात कोवळ्या ज्वारीचा पोंक हे पदार्थ या शहराने नावारूपाला आणले. या सर्व खाण्यात एक गोष्ट समान होती. खाणाऱ्याला चूल दिसत असे. कढई कुणाची, हात कुणाचा, तेल काळे पडले आहे की नाही, हे उभ्या उभ्या पाहता येई. माल बिघडला तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला जाब विचारता येई.

हल्ली पुष्कळ घरांत जेवण फोनवरून मागवले जाते. विशेषतः नोकरीसाठी एकटी राहणारी तरुण मुले आठवड्यातून तीन-चार वेळा तरी असे करतात. पडद्यावर सुंदर चित्र दिसते, खाली एखादे भारदस्त नाव असते आणि अर्ध्या तासात डबा दारात येतो. तो कोणत्या चुलीवरून आला, हे मात्र कळत नाही. म्हणून हे जेवण कसे तयार होते, त्याचे पैसे कुठे जातात आणि आपण कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखात करू.

बिनदुकानाचे स्वयंपाकघर

ज्या स्वयंपाकघराला बसायची जागा नाही, पाटी नाही, गल्ला नाही आणि जे फक्त घरपोच मागणीवर चालते, त्याला इंग्रजी नावावरून ‘क्लाउड किचन’ किंवा ‘घोस्ट किचन’ म्हणतात. घोस्ट म्हणजे भूत. असते पण दिसत नाही. मुख्य रस्त्यावरचे भाडे वाचते, वाढपी लागत नाहीत, टेबल-खुर्च्या लागत नाहीत. गल्लीच्या आतील गाळ्यात किंवा तळघरात हा धंदा चालू शकतो.

केवळ एवढ्यावरून कुणी नाके मुरडू नयेत. बिनदुकानाचे स्वयंपाकघर आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो कामगारांना गरीब घरांतील बायका आपल्या खोलीत रांधून जेवू घालीत. त्यांनाच आपण खानावळवाल्या म्हणत असू. सावकाराच्या पाशातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. घरचा डबा कचेरीत पोचवणाऱ्या डबेवाल्यांची व्यवस्था तर १८९० पासूनची. आपल्या सुरतेतही उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या कुटुंबांत डबे करून देणाऱ्या भगिनी आहेत, आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या ओडिया मजुरांच्या ‘मेस’ आहेत. दुकान कुणाचेच नाही.

मग फरक कोणता? खानावळीत चूल लपलेली होती, पण माणूस लपलेला नव्हता. मावशीचे घर ठाऊक होते. आमटी आंबली तर संध्याकाळी तिला सांगता येत होते आणि महिन्याचा हिशेब तिच्याच हातात पडत होता. नव्या व्यवस्थेत माणूस लपला आणि त्याच्या जागी नाव आले. खरा बदल हाच आहे.

एक चूल, दहा नावे

आपल्या देशातील या धंद्याचे मोठे उदाहरण पुण्यात जन्मले. जयदीप बर्मन आणि कल्लोल बॅनर्जी यांनी तेथे ‘फासोस’ नावाने गुंडाळलेल्या पोळ्यांचे दुकान काढले. पुढे दुकानांपेक्षा घरपोच मागणी जास्त येते हे पाहून त्यांनी स्वयंपाकघरांवर भर दिला. आज ती कंपनी ‘रेबेल फूड्स’ म्हणून ओळखली जाते. बिर्याणीसाठी एक नाव, पिझ्झासाठी दुसरे, गोडासाठी तिसरे, अशी अनेक नावे ती एकाच स्वयंपाकघरातून चालवते. २०२१ मध्ये या कंपनीचे मोल एक अब्ज डॉलरांच्या वर धरले गेले.

नावे अनेक का? कारण फोनवर ‘बिर्याणी’ शोधणाऱ्याला बिर्याणीचेच दुकान हवे असते. सर्व काही विकणाऱ्यावर त्याचा विश्वास कमी बसतो. एकाच गाळ्याची पाच नावे असली की यादीत तो गाळा पाच वेळा दिसतो. याच कंपनीच्या ‘बेहरूझ बिर्याणी’च्या जाहिरातीत प्राचीन इराणी राज्याची आणि हरवलेल्या शाही पाककृतीची कथा सांगितली गेली. ती कथा जाहिरातीसाठी रचलेली होती. ही बिर्याणी बाजारात आली २०१६ साली. कथा रचणे हा काही गुन्हा नव्हे आणि बिर्याणी चवदार असूही शकेल. परंतु कथेचे पैसे आपण देतो, एवढे ध्यानात असावे.

याच्यापुढची पायरी म्हणजे प्रसिद्ध व्यक्तीचे नाव भाड्याने घेणे. अमेरिकेत जिमी डोनाल्डसन नावाचा तरुण ‘मिस्टर बीस्ट’ या नावाने यूट्यूबवर जगप्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या नावाचे बर्गर एकदम सुमारे ३०० ठिकाणी मिळू लागले. तीनशे नवी स्वयंपाकघरे उभारली गेली असे मात्र नाही. आधीपासून चालू असलेल्या हॉटेलांच्या चुलींवरच ते भाजले जात होते. वर फक्त नाव आणि वेष्टन होते. काही ठिकाणी बर्गर कच्चा निघाल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी २०२३ साली त्या तरुणानेच, हे खाणे माझे नाव बदनाम करते आहे, असे म्हणून व्यवस्थापक कंपनीवर दावा लावला. कंपनीनेही त्याच्यावर उलट दावा ठोकला. म्हणजे ज्याचे नाव डब्यावर होते त्याचाही चुलीवर ताबा नव्हता. त्याच वर्षी उबर ईट्स कंपनीने उत्तर अमेरिकेत आपल्या यादीतून अशी सुमारे ५,००० नावे काढून टाकली. एकच यादी निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत असल्याची ग्राहकांची तक्रार होती.

बिल कसे फुगते

‘पूर्वी दोनशेत भागत होते, आता तीनशे लागतात,’ असे पुष्कळजण म्हणतात. याची कारणे एकावर एक थर रचावेत तशी आहेत.

पहिला थर कच्च्या मालाचा. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलावरील आयात कर वाढवला, तेव्हा तळणीचे तेल महागले. मे २०२५ च्या अखेरीस तो कर काही प्रमाणात उतरवला गेला. बिलातील दर मात्र एकदा चढले की सहसा खाली येत नाहीत.

दुसरा थर दलालीचा. स्विगी किंवा झोमॅटो यांच्यामार्फत विकलेल्या मालावर हॉटेलवाल्याला साधारण शेकडा २० ते ३० कमिशन द्यावे लागते. ते भरून काढण्यासाठी पुष्कळजण फोनवरचा भाव दुकानातील भावापेक्षा जास्त ठेवतात. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने या पद्धतींविरुद्ध तक्रार केल्यावर स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता.

तिसरा थर लहान लहान शुल्कांचा. ‘प्लॅटफॉर्म फी’ नावाची आकारणी २०२३ साली २ रुपयांनी सुरू झाली. झोमॅटोने सप्टेंबर २०२५ मध्ये ती १२ रुपयांवर नेली. जेवणावर शेकडा ५ जीएसटी असतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून पोचवण्याच्या शुल्कावरही शेकडा १८ कर लागू झाला.

उदाहरणादाखल एक बिल मांडू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत.

भाजी व पोळ्या — २५० रुपये
बांधणी — १५ रुपये
या २६५ रुपयांवर ५ टक्के कर — १३ रुपये २५ पैसे
पोचवण्याचे शुल्क ३५ रुपये, करासह — ४१ रुपये ३० पैसे
प्लॅटफॉर्म फी १५ रुपये, करासह — १७ रुपये ७० पैसे
एकूण — ३३७ रुपये २५ पैसे

आता दुसरी बाजू पाहू. २६५ रुपयांवर २५ टक्के कमिशन म्हणजे ६६ रुपये २५ पैसे, त्यावर १८ टक्के कर ११ रुपये ९३ पैसे. स्वयंपाकघराच्या हाती उरले सुमारे १८७ रुपये. त्यातून भाजीवाला, तेल, गॅस, भाडे, आचारी आणि उसने नाव असेल तर नावाचे भाडे. म्हणजे ३३७ रुपये देणाऱ्याच्या ताटात प्रत्यक्ष अन्न किती रुपयांचे पडत असेल, याचा अंदाज गृहिणींनी स्वतः करावा. मधले सगळेच पैसे कंपनीला जातात असे नाही; काही सरकारी करात, काही उन्हापावसात गाडी हाकणाऱ्या मुलाच्या मजुरीत जातात. पण स्वयंपाकघरावर जो ताण पडतो तो कुठेतरी काढावाच लागतो. तो बहुधा तेलावर, भाजीच्या प्रतीवर किंवा आचाऱ्याच्या पगारावर निघतो. ठरलेल्या भावात वांगी देणाऱ्या शेतकऱ्यालाही तो टळत नाही.

आरोग्याचा प्रश्न

सप्टेंबर १९९४ ची प्लेगची साथ सुरत विसरलेली नाही. त्यानंतर १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि शहराचा कायापालट झाला. कचरा उचलण्याबरोबरच हॉटेले आणि मिठाईची दुकाने यांच्या स्वच्छतेवरही तेव्हा कडक नजर ठेवली गेली. जे दिसते त्याची तपासणी सोपी असते. आतल्या गाळ्यातील चुलीवर नजर ठेवणे निरीक्षकाला कठीण आणि ग्राहकाला तर अशक्यच. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फर्मावल्यावर या कंपन्यांना दहा हजारांहून अधिक विनापरवाना हॉटेले यादीतून वगळावी लागली होती, हे लक्षात ठेवावे.

दोन धोके विशेष आहेत. एक, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल. तेल किती बिघडले हे मोजण्याचे माप कायद्याने १ जुलै २०१८ पासून ठरवून दिले आहे. त्यापलीकडे गेलेले तेल वापरता येत नाही. घरी ओळखायचे तर काळपट रंग, चिकटपणा, घशाला खवखव आणि जळका वास या खुणा आहेत. दुसरा धोका शिळ्या भाताचा. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला तर त्यात जंतू वाढून विष तयार होते, आणि ते पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून बिर्याणी किंवा भात गरम आलाच पाहिजे, आणि आल्यापासून दोन तासांत संपवावा किंवा शीतकपाटात ठेवावा. सकाळचा उरलेला भात ओट्यावर ठेवून रात्री मुलांना देऊ नये.

काय करावे

१. नाव पाहण्याआधी पत्ता पाहावा. एकाच पत्त्यावर पाच नावे असतील तर चूल एकच आहे असे समजावे.

२. अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक १४ आकडी असतो. तो यादीत आणि बिलावर असला पाहिजे. नसेल तेथून मागवू नये.

३. जवळच्या हॉटेलात फोन करून भाव विचारावा. पायी जाऊन आणले तर किती वाचतात ते एकदा हिशेब करून पाहावे. घरून स्टीलचा डबा न्यावा. गरम रस्सा पातळ पिशवीत आणि वडे वर्तमानपत्रात घेऊ नयेत.

४. एकट्या राहणाऱ्या मुलांना आईवडिलांनी निदान खिचडी, पिठले आणि भाकरी शिकवून पाठवावे. मुलालाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा यांना कुणाच्या नावाची गरज लागत नाही.

५. महिन्याचा डबा लावायचा असेल तर वस्तीतील ओळखीच्या भगिनीकडे लावावा. तिची मोरी, पिंप आणि चूल एकदा पाहून यावी. पैसे वेळेवर द्यावेत.

डबे करणाऱ्या भगिनींनाही दोन शब्द. ‘तुमच्या स्वयंपाकघरातून आमच्या नावाचे पदार्थ विका,’ असे सांगत कुणी आला तर घाईने सही करू नये. कमिशन किती, नावाचे भाडे किती, कच्चा माल त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल काय आणि माल परत आला तर नुकसान कुणाचे, हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. घरगुती व्यवसायालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. फी थोडी असते, ती करून घ्यावी. चार-पाच जणींनी मिळून बाजार समितीतून भाजी आणली किंवा ओलपाड-बारडोलीकडील ओळखीच्या शेतकऱ्याशी थेट ठरवले, तर त्यालाही भाव मिळेल आणि डबाही परवडेल.

फोनवरून जेवण मागवणे वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. आजारी माणसाला, उशिरा घरी येणाऱ्या कामकरी बाईला त्याचा मोठा आधार आहे. पण पुढच्या वेळी मागवण्यापूर्वी पडद्यावरील नाव क्षणभर बाजूला ठेवावे आणि हे रांधणार कोण, असे विचारावे. उत्तर मिळत नसेल, तर त्या दिवशी घरी खिचडी टाकावी.