बेसीच्या आवाजात सापडलेली कादंबरी

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याआधीच डॉ. म. ना. वानखेडे यांच्यासारख्या जाणत्यांनी काळ्या लेखकांकडे आपले लक्ष वेधले होते. त्या लेखकांतला बिनीचा शिलेदार म्हणजे जेम्स बाल्डविन. त्याच्या पहिल्या कादंबरीला वाट दाखवली ती एका गाणाऱ्या बाईने.

बाल्डविनचा जन्म २ ऑगस्ट १९२४ चा, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतला. नऊ भावंडांत थोरला. सावत्र बाप धर्मोपदेशक आणि भारी कडक. पोरगा स्वतःही चौदाव्या वर्षी चर्चमध्ये प्रवचन करू लागला, आणि सतराव्या वर्षी ते सोडून बाहेर पडला. ते घर, तो बाप, ते चर्च हे सारे त्याला कादंबरीत मांडायचे होते. वर्षानुवर्षे तो लिहीत होता, खोडत होता. १९४८ साली खिशात चाळीस डॉलर घेऊन त्याने पॅरिस गाठले. तरी कादंबरी काही हाती येईना.

का येईना? कारण त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. गोऱ्यांनी काळ्यांची टवाळी करताना त्यांच्या हातात नेहमी कलिंगडाची फोड दाखवली, म्हणून बाल्डविन कलिंगडाला शिवत नसे. तसेच बेसी स्मिथचे गाणे. अमेरिकेत असताना तो ते ऐकत नसे. लेखणीत पुस्तकातली सफाईदार इंग्रजी बसली होती, पण कादंबरीतली माणसे ती भाषा बोलत नव्हती.

आपण याचे नवल करू नये. नोकरी लागल्यावर डब्यात सुकट न्यायला कचरणारी आणि चारचौघांत आईच्या बोलीत उत्तर द्यायला लाजणारी माणसे आपल्याही घरांत आहेत.

१९५१-५२ च्या हिवाळ्यात बाल्डविन स्वित्झर्लंडमधल्या लॉयकरबाड या डोंगरातल्या गावी, एका मित्राच्या घरच्यांच्या घरात जाऊन राहिला. सहाशेच्या आसपास वस्ती, भोवती बर्फ. काळा माणूस त्या गावाने कधी पाहिला नव्हता. पोरे पाठीमागून ओरडत, कुणी केसांना हात लावून बघे, कुणाला हाताचा रंग निघत कसा नाही याचा अचंबा वाटे. सोबतीला एक टाइपरायटर आणि बेसी स्मिथच्या दोन तबकड्या.

ही बेसी १८९४ साली टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी जन्मली. आईबाप लहानपणीच गेले. रस्त्यावर गाऊन-नाचून तिने पैसे मिळवले. १९२३ साली पहिली तबकडी निघाली, ती लाखोंनी खपली. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली. तिचे ब्लूज म्हणजे काळ्या कष्टकऱ्यांच्या सुखदुःखाचे गाणे. चर्चमधल्या सोवळ्या मंडळींना ते पापी वाटे.

बाल्डविन त्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावी. सुरापेक्षा तो बोलण्याची ढब ऐकत होता. शब्द कुठे ओढला, कुठे गिळला, कुठे नुसतेच थांबली. आपण लहानपणी असेच बोलत होतो, हे त्याला आठवू लागले. १९६१ साली शिकागोच्या नभोवाणीवर स्टड्स टर्केल यांनी त्याची मुलाखत घेतली. तीत तो म्हणतो की, बेसीच्या गाण्यातून जे कानी पडे, त्याप्रमाणे मी कादंबरीतले संवाद दुरुस्त केले.

त्याच मुलाखतीत बेसीच्या १९२७ सालच्या पुराच्या गाण्याचा विषय निघतो. घर पाण्याखाली गेलेली बाई उंचावरून आपल्या घराकडे पाहते. पण छाती पिटणे नाही, दया मागणे नाही. घडले ते शांतपणे सांगते, म्हणूनच ऐकणाऱ्याच्या काळजात घुसते. बाल्डविनला याचेच मोल वाटले. (आपले काही नवे कथालेखक दर ओळीला उद्गारचिन्ह टाकतात, त्यांनी हे गाणे जरूर ऐकावे.)

वर्षानुवर्षे अडलेले काम तीन महिन्यांत पुरे झाले. १९५३ साली ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ प्रसिद्ध झाली. चौदा वर्षांच्या जॉनचा वाढदिवस, त्या दिवशीचे घर आणि चर्च, एवढाच तिचा काळ. पण त्यात बाप, आत्या आणि आई यांची सारी आयुष्ये येतात. नावसुद्धा काळ्यांच्या एका जुन्या भक्तिगीताचे.

आपल्या आयाआज्यांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. त्यातही शब्द असाच ओढलेला, असाच गिळलेला असतो. ज्यांच्या घरी अशी म्हातारी अजून आहे, त्यांनी मोबाइलवर तिचा आवाज धरून ठेवावा. तिच्या ओवीत घरातल्या लिहित्या पोराला आपली भाषा मिळेल.

बाल्डविनने पुढे १९५७ साली ‘सनीज ब्लूज’ ही कथा लिहिली. थोरला भाऊ बीजगणिताचा मास्तर, धाकटा पियानो वाजवणारा, नशेपायी तुरुंगात जाऊन आलेला. दोघांचे जमत नाही. थोरला समजावतो, रागावतो, उपयोग होत नाही. शेवटी एका रात्री तो क्लबातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून भावाचे वाजवणे पहिल्यांदाच नीट ऐकतो, आणि वाजवून दमलेल्या भावासाठी एक पेला पाठवतो.