ओळखा पाहू, हे नाक कुणाचं?

2020 च्या टाळेबंदीत आमच्या प्राणीपाळकांच्या ऑनलाइन ग्रुपवर लसीच्या तारखा आणि खाण्याच्या तक्रारी यापलीकडे काही घडत नव्हतं. मंडळींना विरंगुळा हवा, म्हणून रविवारचं चित्रकोडं सुरू केलं. सकाळी फोटो, दिवसभर तर्कवितर्क, रात्री उत्तर.

पहिले फोटो साधे होते : नाक, पंजा, शेपटीचा झुपका. हस्की, शिह त्झू, पर्शियन तर लोक क्षणात ओळखायचे. पुढे काहीजण गुगल लेन्स लावून उत्तरं देऊ लागले आणि गंमतच गेली. तेव्हा नियम बदलला. प्राण्याची जात सांगायची नाही, फोटोत जे दिसतंय त्यामागचं कारण सांगायचं.

तिथून खेळ रंगला. तिरंगी मांजर दाखवून विचारलं, बोका की भाटी? केस नारिंगी की काळा, हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. म्हणून दोन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी भाटीच निघतं. सयामी पिल्लं जन्मतः पांढरी असतात. शरीराचे तुलनेनं थंड भाग, म्हणजे कान, पंजे, शेपूट, नंतर गडद होतात. यावर तर घरोघरचे जुने फोटो बाहेर निघाले.

देशी कुत्र्यांच्या फेरीत मात्र भलेभले अडले. मुधोळ हाउंडला बहुतेकांनी ग्रेहाउंड ठरवलं. टपाल खात्यानं 2005 मध्ये मुधोळ, राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग यांच्यावर तिकिटं काढली होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

एकदा पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटाचा फोटो आला. आपला देशी पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. तो फोटो कोड्यात घेतला नाही, पण कारण सर्वांसमोर लिहिलं. त्या रविवारी कोडं बाजूला पडलं आणि वाद रात्रीपर्यंत चालला.

सगळ्यांत उपयोगी ठरला तो भटक्या कुत्र्याचा एक कान, टोकाला खाच असलेला. भांडण, अपघात, गोचीड असे तर्क झाले. उत्तर होतं : नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची खूण. रोज त्याच कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनाही ती ठाऊक नव्हती.

तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान आज जरूर पाहा. खाच नसेल, तर नगरपालिकेला किंवा जवळच्या प्राणिमित्र संस्थेला कळवा.