खाऱ्या पाण्याची पेटी आणि हद्द राखणारा मासा

मुरुड म्हटलें कीं पुष्कळांना जंजिऱ्याशेजारचें समुद्रकांठचें गांव आठवतें. लातूर जिल्ह्यांतील मुरुडाहून मात्र समुद्र तीनशेंहून अधिक किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणीं प्रवाळखडकावरचा मासा घरीं जगेल काय? जगेल, परंतु त्यासाठीं पाण्याची घडण आणि माशाचा स्वभाव या दोन गोष्टी आधीं समजून घेतल्या पाहिजेत.

प्रथम पाणी. एक लिटर समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात; म्हणजे १०० लिटरांच्या पेटीस साडेतीन किलो. जेवणांतलें मीठ येथें चालत नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि द्रव्येंही असतात. त्यासाठीं तयार सागरी मीठ विकत मिळतें. तें बोअरच्या जड पाण्यांत न कालवितां गाळणयंत्राच्या शुद्ध पाण्यांत कालवावें. उन्हाळ्यांत त्या पेटींतील १० लिटर पाणी उडून गेलें, तर क्षार तेवढेच राहतात आणि लिटरमागें ३५ चे जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानें करावी, खाऱ्या पाण्यानें नव्हे. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश ठेवावी. पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु कमी होतो. वीज गेली तर पंपही थांबतो. यासाठीं बॅटरीवर चालणारा लहान हवापंप जवळ असावा.

पेटी भरतांच मासा सोडूं नये. माशाच्या मलमूत्रांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग कमी घातक असें नायट्रेट बनवितात. हे जंतु दगडांवर व गाळणींत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. उतावळेपणानें सोडलेले मासे बहुधा याच काळांत मरतात.

आतां स्वभाव. बोटभर लांबीचे निळे डॅमसेल आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन मासा हे एकाच कुळांतले. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या खडकांतही या कुळांतील मासे आढळतात. यांतील पुष्कळ जाती आपली हद्द ठरवून तिची राखण करतात. कांहीं डॅमसेल तर आपल्या हद्दींतलें शेवाळ शेतकऱ्याप्रमाणें जोपासतात आणि नको तें उपटून टाकतात. खडकाला चिकटलेल्या अंड्यांची राखण नर करतो. त्या वेळीं तो आपल्याहून मोठ्या माशावरही धावून जातो.

समुद्रांत हरलेला मासा पळून जातो आणि भांडण मिटतें. कांचेच्या पेटींत पळावयास जागाच नसते. तो कोपऱ्यांत दडतो, अन्नापर्यंत येत नाहीं, त्याचे पर फाटतात आणि थोड्या दिवसांत तो मरतो. मालकास वाटतें, रोग झाला. वास्तविक तो दोष पेटींतील गर्दीचा असतो. म्हणून लहान पेटींत डॅमसेल एकच ठेवावा. इतर मासे ठेवावयाचे असल्यास ते आधीं सोडावेत आणि भांडखोर मासा शेवटीं सोडावा. पुढें नवा मासा आणल्यास दगडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी मोडल्यानें नव्यास थारा मिळतो. क्लाऊन माशांची मात्र जोडी नांदूं शकते. ते सर्व जन्मतः नर असतात आणि जोडींतील प्रबळ मासा पुढें मादी होतो.

मासा विकत घेतांना तो पैदास केंद्रांत वाढविलेला आहे काय, हें विचारावें. प्रवाळ समुद्रांतून तोडून आणणें गुन्हा आहे. प्रवाळांस २००१ पासून वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. दडण्यासाठीं सच्छिद्र मातीचीं भांडीं पुरेशीं होतात.

लातूरकरांना पाण्याचें मोल सांगावयास नको. २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. गाळणयंत्रांतून वायां जाणारें पाणी धुण्यासाठीं राखावें. पेटींतून काढलेलें खारें पाणी झाडांना घालूं नये, त्यानें जमीन खारावते. एवढी शिस्त जेथें पाळतां येत नाहीं, तेथें हा मासा आणूं नये. जेथें पाळतां येते, तेथें समुद्र कधीं न पाहिलेल्या मुलांनाही त्याचें एक जिवंत पान वाचावयास मिळतें.