नारू आपल्याकडून गेला, पण चाडमधून का जात नाहीये?

घरातल्या आजी-आजोबांना 'नारू' म्हणजे काय ते विचारून बघा. पायावर फोड, त्यातून बाहेर येणारा पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत, आणि तो तुटू नये म्हणून काडीला रोज थोडा थोडा गुंडाळत बसणं. गावाकडच्या अनेकांनी हे पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं.

भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. तेही लस आणि औषध नसताना! नारूची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवात राहते. ते पाणी प्यायल्यावर साधारण वर्षभराने मीटरभर लांबीची मादी त्वचा फोडून बाहेर येते. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि मादी तिथे अळ्या सोडते. म्हणून पाणी गाळून पिणं आणि पायऱ्यांच्या विहिरींत कुणाला उतरू न देणं, यावरच भर होता.

१९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२१ ते २०२४ या काळात दरवर्षी १५ किंवा त्याहून कमी.

मग घोडं अडलं कुठे?

आफ्रिकेतल्या चाडमध्ये जवळपास दहा वर्षं रुग्ण नव्हता. २०१० मध्ये पुन्हा सापडले आणि २०१२ मध्ये कुत्र्यांच्या अंगातूनही तसेच जंत निघताना दिसले. प्रश्न एकच होता: हा तोच नारू की कुत्र्यांचा वेगळा जंत? वेगळा असता तर माणसांपुरती मोहीम पुरली असती. नुसतं बघून हे कळत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी जंतांचा डीएनए तपासला.

फरक सापडले, पण ते प्रदेशाप्रमाणे. चाडमधले जंत इथिओपिया किंवा दक्षिण सुदानमधल्या जंतांपेक्षा वेगळे निघाले. चाडच्या आत मात्र माणसाचा जंत कुठला आणि कुत्र्याचा कुठला, हे डीएनएवरून ओळखता येईना. म्हणजे दोघांमध्ये फिरणारा जंत एकच.

२०१९ मध्ये जगभरात ५४ माणसांना नारू झाला. त्याच वर्षी एकट्या चाडमध्ये १,९०० हून जास्त कुत्र्यांना! कच्चे मासे आणि त्यांची आतडी खाल्ल्याने कुत्र्यांना लागण होत असावी, असा संशय आहे. म्हणून तिथले गावकरी माशांची घाण पुरतात, लागण झालेला कुत्रा बांधून ठेवतात आणि त्याची खबर देणाऱ्याला बक्षीस मिळतं. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याला आठवडेच्या आठवडे बांधून ठेवणं किती कठीण, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

माणसांचा आकडा उद्या शून्यावर आला तरी चाडला प्रमाणपत्र मिळणार नाही. कुत्र्यांचा आकडाही शून्य लागेल.