तळाच्या तीन जागांसाठीची झुंज : इंग्लिश फुटबॉल कसे पाहावे?

रायपूर : येथील शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर आयपीएलचा पहिला सामना २८ एप्रिल २०१३ रोजी झाला. यजमान दिल्ली डेअरडेव्हिल्सने पुणे वॉरियर्सवर १५ धावांनी मात केली आणि तीन दिवसांनी याच मैदानावर कोलकाता नाइट रायडर्सलाही हरविले. रायपूरकरांना दोन्ही विजय पाहावयास मिळाले. मात्र त्या संपूर्ण मोसमात दिल्लीने १६ पैकी केवळ तीन सामने जिंकले. नऊ संघांत दिल्ली शेवटची आली, तर पुणे तिच्या एक पायरी वर होते. तरीही पुढील वर्षी दिल्लीचा संघ त्याच स्पर्धेत उतरला आणि पुन्हा शेवटचा आला. पुण्याचा संघ मात्र स्पर्धेतून गेला. परंतु तो खराब खेळामुळे नव्हे, तर मालक कंपनी आणि क्रिकेट मंडळ यांच्यातील आर्थिक वादामुळे.

अशा साखळीची सवय असलेला प्रेक्षक इंग्लिश फुटबॉल पाहू लागतो, तेव्हा त्याला पहिला धक्का बसतो तो गुणतालिकेच्या तळाशी. अमेरिकेतून आलेल्या नवख्या प्रेक्षकाचेही तसेच होते. तेथील व्यावसायिक बास्केटबॉल वा अमेरिकन फुटबॉलमध्ये संघांची संख्या ठरलेली असते, आणि कमकुवत संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत उलट झुकते माप मिळते. इंग्लंडमध्ये पराभूताला असा दिलासा नाही. तेथे प्रीमियर लीगमधील २० क्लबांपैकी शेवटचे तीन दरवर्षी खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये ढकलले जातात. त्यांच्या जागी चॅम्पियनशिपमधील पहिले दोन क्लब थेट, आणि तिसरा बाद पद्धतीच्या सामन्यांतून निवडला जाऊन, वर येतो. चॅम्पियनशिपखाली लीग वन व लीग टू या आणखी दोन श्रेणी असून, प्रत्येकीत २४ क्लब आहेत. त्याखालीही ही उतरंड थेट गावपातळीवरील संघांपर्यंत जाते.

या नियमाची किंमत काय असते, हे समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जावयास नको. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला क्लब. १८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या संस्थापक क्लबांपैकी तो एक होय. स्थानिक पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांच्या पाठबळावर त्याने १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद पटकाविले. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. कोंबडीपालन व्यवसायातील भारतीय समूह इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतील क्लबाचा मालक झाल्याने त्या वेळी कुतूहल मोठे होते. पुढच्याच महिन्यात अनुभवी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलरडाइस यांना दूर करण्यात आले. त्यानंतर समर्थकांच्या निदर्शनांना सुरुवात झाली. ७ मे २०१२ रोजी विगन अ‍ॅथलेटिककडून घरच्या मैदानावर ०-१ असा पराभव होताच ११ वर्षांनंतर ब्लॅकबर्नची अव्वल श्रेणी गेली. त्या सामन्यात कोणी तरी क्लबच्या रंगांचे कापड गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांच्या व्यवसायावरील हा टोमणा इंग्लंडबाहेरही गाजला.

घसरणीचे खरे दुखणे मात्र टोमण्यात नसून हिशेबात असते. श्रेणी जाताच दूरचित्रवाणी हक्कांतून मिळणारे उत्पन्न कोसळते, तर खेळाडूंचे करार त्या वेगाने उतरत नाहीत. काही वर्षे भरपाईची रक्कम मिळते, पण ती संपण्याआधी वर न आल्यास क्लब अडचणीत येतो. ब्लॅकबर्न वर आला नाहीच. ७ मे २०१७ रोजी, पहिल्या घसरणीनंतर बरोबर पाच वर्षांनी, त्याने ब्रेंटफर्डला ३-१ असे हरविले, आणि तरीही तो तिसऱ्या श्रेणीत गेला. कारण त्याच वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचचा ३-० असा पराभव केला. दोघांचेही गुण ५१. फॉरेस्टचा गोलफरक उणे १०, तर ब्लॅकबर्नचा उणे १२. संपूर्ण मोसमातील ४६ सामन्यांचा निकाल असा दोन गोलांवर लागला. प्रीमियर लीगच्या माजी विजेत्याने तिसरी श्रेणी पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. वर्षभरातच, २०१८ मध्ये, क्लब चॅम्पियनशिपमध्ये परतला.

म्हणूनच नव्या प्रेक्षकाने मँचेस्टर वा लिव्हरपूलच्या सामन्यांपुरते न थांबता, मार्चनंतर तळाच्या पाच-सहा संघांवर नजर ठेवावी. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, एवढे ध्यानात असले की पुरे. ऑफसाइडचा नियम पाहता पाहता उमगतो.

वेळेच्या बाबतीत भारतीय प्रेक्षक सुदैवीच म्हणावा लागेल. इंग्लंडमधील शनिवारी दुपारी तीनचा सामना रायपुरात हिवाळ्यात रात्री साडेआठला, तर तेथील घड्याळे पुढे केलेली असताना साडेसातला सुरू होतो. विशेष म्हणजे, मैदानांवरील गर्दी घटू नये यासाठी हे सामने खुद्द ब्रिटनमध्ये थेट दाखविले जात नाहीत. भारतात ते पाहता येतात. मोसमाच्या अखेरच्या दिवशी तर प्रीमियर लीगचे दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात, जेणेकरून दुसऱ्याचा निकाल पाहून कोणी आपला खेळ ठरवू नये. १३ मे २०१२ रोजी मँचेस्टर सिटीने क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध भरपाईच्या वेळेत दोन गोल करून ३-२ असा विजय आणि विजेतेपद मिळविले. पराभूत रेंजर्सचीही श्रेणी मात्र शाबूत राहिली, कारण तिकडे स्टोकमध्ये बोल्टनला बरोबरीवर समाधान मानावे लागले होते.