सूत्रे एका हाती असावीत
ज्येष्ठांच्या शुश्रूषेत केअर मॅनेजरची भूमिका

वार्धक्यात आजार क्वचितच एकटा येतो. रक्तदाबामागून मधुमेह, मधुमेहामागून मोतीबिंदू, त्यात गुडघेदुखी आणि अपुरी झोप. प्रत्येक आजाराबरोबर एक नवे तज्ज्ञ, एक नवी फाईल आणि गोळ्यांची एक नवी पट्टी घरात येते. हृदयरोगतज्ज्ञ हृदयाकडे पाहतात, अस्थिरोगतज्ज्ञ गुडघ्यांकडे. आपापल्या जागी दोघेही योग्यच असतात. परंतु त्या समग्र माणसाकडे कोण पाहते?

पूर्वी हे काम घरातील लेक-सून आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे फॅमिली डॉक्टर मिळून करीत. आज कोथरूडला किंवा विलेपार्ल्याला अनेक घरांत दोन ज्येष्ठ एकमेकांच्या आधाराने राहतात; मुले बंगळुरूला नाही तर न्यू जर्सीला. ही पोकळी भरून काढण्यासाठी पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आता व्यावसायिक केअर मॅनेजर दिसू लागले आहेत. अमेरिकेत हा व्यवसाय जुना आहे. तेथे अशा व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना 1985 मध्ये स्थापन झाली.

केअर मॅनेजर म्हणजे ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशी नव्हेत, परिचारिका नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आंघोळ घालणे, इंजेक्शन देणे वा औषध लिहून देणे हे त्यांचे काम नाही. ही कामे करणाऱ्या सर्वांची सूत्रे एकत्र धरणे, हे त्यांचे काम. बहुधा समाजकार्य, परिचर्या किंवा भौतिकोपचार यांपैकी एखाद्या क्षेत्रातून ही मंडळी येतात. पहिल्या भेटीत ते घर पाहतात: न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, रात्री उठल्यावर दिव्याचे बटण हाताशी आहे का, आजोबा खुर्चीतून आधाराविना उठतात का, आजींना दूरध्वनीवरचे बोलणे नीट ऐकू येते का. या पाहणीवरून शुश्रूषेचा लेखी आराखडा तयार होतो आणि ठरावीक काळाने तो तपासला जातो.

त्यांचा खरा कस लागतो तो रुग्ण रुग्णालयातून घरी येतो तेव्हा. माझ्याकडे येणारे एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ घरी परतल्यानंतर आठवडाभरात दोनदा तोल जाऊन पडता पडता वाचले. त्यांच्या केअर मॅनेजर बाईंनी घरातील सर्व गोळ्या टेबलावर मांडल्या, तेव्हा रक्तदाबाचे ॲम्लोडिपिन हे एकच औषध दोन निरनिराळ्या व्यापारी नावांनी सुरू असल्याचे आढळले. एक जुने, एक रुग्णालयातून आलेले. बाईंनी स्वतः काहीही बंद केले नाही. दोन्ही पट्ट्या घेऊन त्या त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. बसून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला, तर उभे राहताच वरचा आकडा 20 हून अधिक खाली येत होता. एक गोळी थांबवली आणि कदाचित खुब्याचे एक हाड वाचले.

दुसरा लाभ तितकाच मोलाचा. दर आठवड्याला भेटणाऱ्या व्यक्तीला त्या ज्येष्ठाची नेहमीची स्थिती ठाऊक असते. काल व्यवस्थित बोलणाऱ्या आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर ‘वय झाले’ म्हणून ते सोडून द्यायचे नसते. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील सोडियम कमी होणे, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि ती वेळीच ओळखली तर उपचार होतो. विस्मृतीचा आजार बहुधा महिन्या-वर्षांत वाढतो. एक-दोन दिवसांत घडलेला बदल ही तातडीची बाब होय.

तिसरे काम नाजूक आहे. परदेशी असलेला मुलगा शस्त्रक्रियेचा आग्रह धरतो, जवळ राहून सारे करणारी लेक थकलेली असते, आणि दोघांच्या वादात आईला काय हवे हे विचारायचेच राहून जाते. चांगला केअर मॅनेजर प्रथम आईशी बोलतो. आपल्या अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला आहे. हा विषय अतिदक्षता विभागाच्या दाराशी नव्हे, घरी चहा घेताना निघालेला बरा.

नेमणूक करताना मात्र डोळस राहावे. शिक्षण व अनुभव विचारावा. एकाच वेळी किती ज्येष्ठांची जबाबदारी आहे, रात्री-अपरात्री कोण येणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. रुग्णालय, प्रयोगशाळा वा ब्यूरोकडून दलाली घेतली जात नाही ना, याची खात्री करावी. करार लेखी असावा. एटीएमचा पिन, कोरे धनादेश आणि मुखत्यारपत्र त्यांच्या हाती कदापि देऊ नये.

ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांनीही यातील तत्त्व उचलावे. घरातील एकाच व्यक्तीने सूत्रे घ्यावीत. एका वहीत सर्व औषधे, त्यांचे मूळ घटक, ॲलर्जी, जुने आजार आणि डॉक्टरांचे क्रमांक लिहावेत. प्रत्येक तपासणीला ती वही न्यावी. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन मार्गदर्शनासाठी उपलब्ध आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान भारत योजनेत 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. त्याचे कार्ड निरोगी असतानाच काढून ठेवावे.

केअर मॅनेजर औषधांचा हिशेब ठेवील, डॉक्टरांशी बोलेल, रुग्णवाहिका बोलावील. हे ओझे उतरले, की दूरच्या मुलांच्या दूरध्वनीतून “गोळ्या घेतल्या का?” हा रोजचा प्रश्न हळूहळू मागे पडतो आणि “आज काय वाचलेत, बाबा?” असे विचारायला जागा होते. ते विचारणे मात्र मुलांनीच करायचे आहे.