प्रती अनेक, नोंद एक

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें, आणि मुठेच्या पुरानें पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत हाहाकार उडविला. अशा वेळीं घराच्या खरेदीखताची नक्कल कोणीं शेजारच्याच वाड्यांत ठेविली असेल, तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच पाण्यांत गेलीं असें समजावें. प्रती किती आहेत, याइतकेंच त्या कोठें आहेत हेंही पाहावें लागतें. म्हणूनच आज महत्त्वाची नोंद दूरदूरच्या अनेक संगणकांत ठेवितात.

परंतु प्रती वाढल्या कीं त्यांच्यांत मतभेद होतात. आपल्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें कार्य आरंभिलें. तें १९६६ सालीं पुरें झालें. जमविलेल्या हस्तलिखितांत जागोजागीं पाठ निराळे! तेथें केवळ संख्या मोजून भागत नाहीं. एका चुकलेल्या पोथीवरून शंभर उतरल्या, तर शंभरांची साक्ष एकीचीच. म्हणून डॉ. सुखटणकरांना पोथ्यांची वंशावळ लावावी लागली.

संगणकास इतकी सवड कोठून? त्यानें भेद पडूं न देण्याची व्यवस्था नोंद लिहितांनाच करावयाची. १९७९ सालीं डेव्हिड गिफर्ड यांनीं यासाठीं मतदानाची पद्धति मांडली. तिचा सोपा प्रकार असा: समजा, पांच संगणकांत पांच प्रती आहेत. नवी नोंद, तिच्या अनुक्रमांकासह, निदान तिघांनीं स्वीकारली तरच ती पक्की. वाचतांनाही तिघांनाच विचारावयाचें आणि सर्वांत मोठ्या क्रमांकाची नोंद खरी मानावयाची. पांचांतून कोणतेही तीन घ्या आणि पुन्हा कोणतेही तीन घ्या. एक तरी दोहोंकडे येतोच. तोच ताज्या नोंदीचा साक्षी. शिवाय दोन संगणक बंद पडले तरी काम अडत नाहीं.

आतां मधला दुवा तुटून तीन एकीकडे व दोन दुसरीकडे राहिले तर? तिघांनीं काम चालवावें, दोघांनीं स्वस्थ बसावें. दोघांच्या दारीं आलेला ग्राहक रागावेल, हें खरें. जेथें शिळ्या उत्तरानें नुकसान नाहीं तेथें नियम सैल करतांही येतो. परंतु ठेवीची शिल्लक दोन्ही बाजूंनीं दोनदां दिली गेली, तर ती भरून कोण देणार? अशा ठिकाणीं, तत्पर पण खोट्या उत्तराहून "थोडें थांबा" हेंच उत्तर प्रामाणिकपणाचें होय.